फूट सांगू नका, कॅबिनेट मोजा: एलईडी वॉलवर आपली एव्ही दर वेळी का बिघडते

कार्यक्रम संध्याकाळी सातचा असतो आणि दुपारी तीन-साडेतीनला फोन येतो. ‘‘सर, तुमची फाइल नीट चालत नाहीये.’’ नीट म्हणजे काय होतंय, असं विचारलं की पलीकडे साउंडवाल्याचं ‘हॅलो, चेक, वन टू’ ऐकू येतं, ट्रसवर चढलेल्या पोरावर कोणीतरी ओरडत असतं, आणि उत्तर येतं, ‘‘तुम्ही येऊनच बघा ना.’’ पुण्यात बसून कॉर्पोरेट कार्यक्रमांच्या एव्ही, म्हणजे स्टेजवर दाखवायचे व्हिडिओ, करणाऱ्या माझ्यासारख्या एडिटरला हा फोन नवा नाही. डीलर मीट, वार्षिक समारंभ, पुरस्कार सोहळा, मधूनच एखाद्या लग्नातल्या संगीतचे लूप, म्हणजे मागे सतत फिरत राहणारे व्हिडिओ. कार्यक्रम बदलतो, फोन तोच.

बरीच वर्षं मी दर वेळी फाइल दुरुस्त करत बसलो. लॅपटॉप घेऊन हॉलवर जायचं, मांडीवर रेंडर लावायचा, म्हणजे दुरुस्त केलेली फाइल पुन्हा तयार करायची, घाम पुसायचा. हळूहळू लक्षात आलं की बिघाड फायलीत क्वचितच असतो. तो आठ-दहा दिवस आधीच झालेला असतो, ‘कुठली फाइल देऊ?’ या प्रश्नाला ‘‘फुल एचडी, एमपी-फोर चालेल’’ हे उत्तर मिळतं आणि आपण ते वहीत लिहून घेतो तेव्हा.

हे उत्तर देणाऱ्याचा दोष नाही. कंपनीची मार्केटिंगवाली मॅडम इव्हेंट एजन्सीला विचारते, एजन्सीतला मुलगा एलईडी व्हेंडरच्या ऑफिसला विचारतो, आणि व्हेंडरकडे फोन उचलणाऱ्याला कुठलं मशीन, कुठला ऑपरेटर जाणार हे अजून ठरलेलंच नसतं. मग तो कुठेही अडकणार नाही असं उत्तर देतो. प्रत्यक्ष बटण दाबणारा माणूस या साखळीत सगळ्यात शेवटी येतो, बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, टेम्पोबरोबर.

लोगो अंडाकृती का झाला

एका डीलर मीटची गोष्ट. एजन्सीने सांगितलं, ‘‘वॉल ३२ बाय १२ आहे.’’ मी हिशेब केला, ३२ ला १२ म्हणजे ८ ला ३, आणि २८८० बाय १०८० पिक्सेलची एव्ही बनवली. क्लायंटचा लोगो पूर्ण गोल. हॉलवर तो बटाट्यासारखा आडवा पसरलेला. क्लायंटच्या एमडींना बाकी काही दिसो न दिसो, स्वतःचा लोगो चपटा झालेला बरोबर दिसतो.

झालं होतं असं. भाड्याची एलईडी वॉल सुटे तुकडे जोडून उभी करतात, त्या तुकड्यांना कॅबिनेट म्हणतात. ती बहुतेक ५०० बाय ५०० मिलिमीटरची असतात. वॉल त्यांच्या पटीतच उभी राहते. अर्धं कॅबिनेट कापून लावता येत नाही. ‘३२ बाय १२’ म्हणजे प्रत्यक्षात आडवी २० आणि उभी ७ कॅबिनेट होती. मापं धरली तर १० मीटर बाय साडेतीन मीटर, म्हणजे जवळजवळ ३२.८ फूट बाय ११.५ फूट. फुटांत सांगताना एका बाजूला थोडं कमी आणि दुसऱ्या बाजूला थोडं जास्त धरलं गेलं, आणि आकाराचं प्रमाण बदललं. पी-३.९ च्या, म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर (पिच) ३.९ मिलिमीटर असलेल्या, कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात, त्यामुळे वॉल होती २५६० बाय ८९६. माझी २८८० बाय १०८० ची फाइल त्यात ताणून बसवली की चित्र सात टक्के रुंद होतं. सात टक्के चेहऱ्यात कळत नाहीत, वर्तुळात लगेच कळतात.

तेव्हापासून मी फूट ऐकूनच घेत नाही. ‘‘आडवी किती कॅबिनेट आणि उभी किती?’’ एवढंच विचारतो. मग पिच विचारतो. ५०० मिलिमीटरच्या कॅबिनेटमध्ये पी-३.९ चे १२८, पी-२.९ चे १६८ आणि पी-२.६ चे १९२ पिक्सेल, हे तीन आकडे पाठ असले की उरलेला गुणाकार फोनवरच होतो. कॅबिनेट ५०० बाय १००० चं असेल तर उभे पिक्सेल दुप्पट. जुनी किंवा बाहेर लावायची वॉल असेल तर कॅबिनेटचं माप वेगळं असू शकतं, म्हणून मापही विचारून घ्यायचं.

यात एक फायदा आहे, जो मला उशिरा कळला. लग्नसराईच्या दिवसांत व्हेंडरचा चांगला माल दुसऱ्या मोठ्या कार्यक्रमाला जातो आणि पी-२.६ ठरलेल्या ठिकाणी पी-३.९ येऊन उभी राहते. पूर्वी मी अशा वेळी हातपाय गाळायचो. पण कॅबिनेटची संख्या तीच असेल तर आकाराचं प्रमाण बदलत नाही. २० बाय ७ पी-२.६ मध्ये ३८४० बाय १३४४ होते, पी-३.९ मध्ये २५६० बाय ८९६. दोन्हींचं प्रमाण अगदी एकच. फाइल लहान करून चालते, बारीक अक्षरं तेवढी तपासायची. उलट पिच तेच राहून कोणी ‘‘स्टेज थोडं लहान आहे, दोन कॅबिनेट काढली’’ म्हणालं, तर सगळं मांडणं पुन्हा करावं लागतं. म्हणून क्लायंटशी, एजन्सीशी पक्कं करून घ्यायचं ते कॅबिनेटच्या संख्येचं. पिच शेवटच्या दिवशी बदललं तरी झेपतं.

आकडे जुळले, तरी वॉलवर काळ्या पट्ट्या

वॉल २५६० बाय ८९६, फाइलही २५६० बाय ८९६, आणि तरीही वर-खाली काळ्या पट्ट्या, किंवा चित्र मऊ. इथे मधला एक आकार विसरला जातो, तो लॅपटॉपमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा. लॅपटॉप नेहमीच्या सवयीने १९२० बाय १०८० सोडतो. आपली रुंद फाइल त्या चौकटीत बसवण्यासाठी प्लेअर ती लहान करतो आणि वर-खाली काळं भरतो. पुढे प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा सिग्नल वॉलवर पोहोचवणारं यंत्र, ती पूर्ण चौकट वॉलवर ताणतो. एकदा लहान केलेलं आणि पुन्हा ताणलेलं चित्र मग ‘‘फाइलची क्वालिटी कमी आहे’’ म्हणून आपल्या नावावर जमा होतं.

उपाय दोन. ऑपरेटरकडे जमत असेल तर प्रोसेसरच्या इनपुटला वॉलच्या आकाराचं कस्टम रिझोल्यूशन बसवून लॅपटॉपमधून तोच आकार सोडायचा, हे उत्तम. नाहीतर आपण १९२० बाय १०८० ची चौकट घेऊन तिच्या ठरावीक भागात, वॉलच्या प्रमाणात, चित्र मांडायचं आणि प्रोसेसरमध्ये तेवढाच भाग कापून घ्यायला सांगायचं. वरच्या वॉलसाठी तो भाग १९२० बाय ६७२ येतो. पिक्सेल कमी होतात हे खरं, पण सातव्या रांगेतून कोणाला कळत नाही. कुठलाही मार्ग चालेल, फक्त दोघांनी एकच धरला पाहिजे. मी कापण्याच्या हिशेबाने फाइल द्यायची आणि त्याने ती ताणायची, असा घोळ दोन वेळा झालाय.

स्टेजच्या दोन बाजूंना वेगळ्या विंग्ज असतील तर बोलण्यावर विसंबू नये, पिक्सेल मॅप मागायचाच. कागदावर काढून मोबाइलने फोटो पाठवला तरी हरकत नाही, पण कुठल्या तुकड्याला कुठला भाग हे त्यात आलं पाहिजे. आणि एक प्रश्न जो तांत्रिक वाटत नाही पण सगळ्यात जास्त उपयोगी पडतो: वॉलच्या पुढे काय येणार आहे? पोडियम, फुलांची सजावट, सोफे, समई. खालचे दोन-तीन फूट बऱ्याचदा प्रेक्षकांना दिसतच नाहीत. पुरस्कार विजेत्यांची नावं मी एकदा अशी सुंदर खाली मांडली होती की ती सगळी झेंडूच्या मागे गेली.

चित्र अडखळतं

‘अटकतंय’ हा शब्द दोन वेगळ्या रोगांसाठी वापरला जातो. एकात मशीनला फाइल पेलत नाही. दुसऱ्यात मशीन ठणठणीत असतं, पण फ्रेमचा हिशेब जमत नाही. आधी ओळखायचं कसं? फाइल मध्येच थांबते, मग पुढे उडी मारते, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी: हा पहिला. कॅमेरा सरकतो किंवा नावं सरकतात तेव्हा सारखे बारीक, एकसारखे झटके: हा दुसरा.

पहिल्याचं कारण बहुधा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) किंवा डिस्क. एच.२६४ ची एमपी-फोर फाइल लहान असते, कारण तिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मशीनला मागच्या-पुढच्या फ्रेमवरून चित्र बांधावं लागतं. एक एव्ही सरळ वाजवायला ती छान. पण ऑपरेटर रेझोल्यूम या व्हिडिओ वाजवायच्या सॉफ्टवेअरवर तीन थर चढवून, मागे लूप, पुढे नाव, मध्ये कॅमेरा असा खेळ करत असेल तर त्याला प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असलेली फाइल लागते. रेझोल्यूमचा स्वतःचा डीएक्सव्ही कोडेक आहे, त्याचं ॲली नावाचं कन्व्हर्टर मोफत मिळतं. वॉचआउट, डिसगाइज वगैरे तशाच दुसऱ्या प्रणालींवर हॅप चालतो. हॅप खुला कोडेक आहे, एफएफएमपेग किंवा शटर एन्कोडर या कन्व्हर्टरमधून बनवता येतो. फक्त रुंदी आणि उंचीला चारने भाग गेला पाहिजे. एलईडीच्या आकारांना तो जातोच, अडचण येते ती १३६६ सारख्या लॅपटॉपी आकारांना. मॅकवर क्यूलॅब हे सॉफ्टवेअर चालवणारा असेल तर प्रोरेस कोडेक दिला की तो खूश.

मोठी वॉल असेल तर एक मर्यादा लक्षात ठेवायची. बहुतेक ग्राफिक्स कार्डं एच.२६४ स्वतः उलगडतात ती ४०९६ पिक्सेल रुंदीपर्यंतच. ४० कॅबिनेटची पी-३.९ वॉल म्हणजे ५१२० पिक्सेल. अशी एच.२६४ फाइल सगळा भार मशीनच्या मुख्य चिपवर (सीपीयूवर) टाकते आणि मग ती गचके खाते. तुमच्या घरच्या मशीनवर चालली असेल, पण त्यावर दुसरं काही चालू नव्हतं.

आता हॅप द्यायचं ठरलं तर वजनाचा विचार करा. हॅप-क्यू या हॅपच्या वरच्या क्वालिटीच्या प्रकारात एका पिक्सेलला एक बाइट लागतो, वरून थोडी दाबणूक होते ती सोडा. २५६० बाय ८९६ ची एक फ्रेम जवळजवळ २३ लाख बाइट, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे सुमारे ५७ एमबी, तीन मिनिटांची एव्ही १० जीबीच्या घरात. ही फाइल पेनड्राइव्हवरूनच वाजवायला घेतली तर अडखळणारच. आधी मशीनच्या एसएसडीवर उतरवायला सांगायचं. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही, आणि मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजवर सहसा उघडत नाही. एक्सफॅट करून ठेवा, दोन्हीकडे चालते. एवढ्याशा कारणावरून रात्री अकरा वाजता सिंहगड रोडवरून विमाननगरला डिस्क बदलायला गेलोय.

दुसरा रोग फ्रेमचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं तेही पाल पद्धतीवर, म्हणून आपण २५ फ्रेमवाले. ट्यूबलाइटखाली शूट करायलाही तेच बरं. पण लॅपटॉप डोळे मिटून ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, सोडतो. २५ फ्रेम ६० वेळा दाखवायच्या तर प्रत्येक फ्रेम २.४ वेळा यायला हवी. तसं करता येत नाही, म्हणून एखादी दोनदा येते, एखादी तीनदा. स्थिर चित्रात काही कळत नाही. सरकती नावं मात्र लंगडतात. ऑपरेटरने आउटपुट ५० हर्ट्झ केलं की रोग जातो. त्याला ते शक्य नसेल, तर ग्राफिक्सवाल्या फायली ३० किंवा ६० ला रेंडर करायच्या. शूट केलेलं फुटेज २५ चं असेल तर मी त्याला हात लावत नाही. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर तो झटका दिसत नाही, ते उगाच ३० ला ओढलं तर नवा झटका तयार होतो.

स्टॉक साइटवरून उतरवलेल्या टेम्प्लेटांत सेकंदाला २९.९७ फ्रेम हे माप दडलेलं असतं, तेही बघून घ्या. ते १९५३ सालच्या अमेरिकी रंगीत टीव्हीचं बिऱ्हाड आहे, आपल्या कार्यक्रमात त्याचं काही काम नाही.

कार्यक्रमात लाइव्ह कॅमेरे असतील तर प्रश्न सोपा होतो. स्विचर, म्हणजे कॅमेरे आलटून-पालटून दाखवणारं यंत्र, ज्या हर्ट्झवर लावलाय तीच साऱ्या कार्यक्रमाची चाल. तेवढं विचारलं की पुरे.

काळा राखाडी दिसतो

एलईडीचा पिक्सेल शून्यावर असला की तो विझलेला असतो, प्रकाश देतच नाही. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरचा लोगो वॉलवर फार देखणा दिसतो. पण कधी कधी अख्खी वॉल मंद राखाडी आयतासारखी चमकत राहते आणि सगळे म्हणतात, ‘‘एव्ही फिकी आहे.’’ व्हिडिओमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरायची एक पद्धत आहे, आणि ० ते २५५ पूर्ण वापरायची दुसरी. लॅपटॉप पहिल्या पद्धतीने सोडतोय आणि प्रोसेसर दुसऱ्या पद्धतीने वाचतोय, तर काळा १६ म्हणूनच उजळतो. उलट झालं तर काळ्यातले सगळे तपशील बुडतात, काळ्या सुटातला सीईओ म्हणजे नुसतं तरंगणारं डोकं. फाइलचा कलर करेक्शन करत बसू नका. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय आउटपुटची रेंज पूर्ण की मर्यादित हे एका क्लिकवर बदलतं, प्रोसेसरच्या इनपुटलाही तशीच सोय असते. दोन्हीकडे एकच पाहिजे.

हॉलमध्ये वॉल पूर्ण तेजावर चालवतच नाहीत, डोळे दिपतात. तेज खूप उतरवलं की गडद निळ्यातून काळ्यात जाणाऱ्या छटा तुटून पट्टे दिसायला लागतात. मी आता अशा पार्श्वभूमीवर थोडी ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, टाकून देतो. आणि पूर्ण पांढरी पार्श्वभूमी देत नाही. पुढे उभा असलेला निवेदक तिच्यासमोर सावली होऊन जातो.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

फायलीच्या सुरुवातीला कलर बार, स्लेट, उलटी गिनती काहीही ठेवायचं नाही. टीव्हीच्या सवयीने मी एकदा दहा सेकंदांची गिनती ठेवली, आणि ती भरल्या सभागृहासमोर दहापासून एकपर्यंत वाजली. लोकांनी शेवटी टाळ्याही दिल्या. अर्धा सेकंद काळं पुरतं, कारण काही ठिकाणी एचडीएमआयचा आवाज जागा व्हायला क्षणभर घेतो आणि ‘नमस्कार’चा ‘न’ गिळला जातो. शेवटी मात्र शेवटची फ्रेम दहा सेकंद धरून ठेवायची. नाहीतर एव्ही संपते आणि वॉलवर ऑपरेटरचा डेस्कटॉप, त्याच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोसकट. शेवटी थांबायचं, काळं व्हायचं की लूपवर जायचं, हे प्रत्येक फायलीपुढे क्यू शीटमध्ये, म्हणजे कधी काय वाजवायचं त्या यादीत, लिहिलेलं असावं.

आवाज ४८ किलोहर्ट्झ, फायलीत तर हवाच, शिवाय वेगळी वेव्ह फाइल द्यावी. नाचाच्या ट्रॅकमध्ये एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला क्लिक (ताल धरायला दिलेली टिकटिक) असेल तर ते फायलीच्या नावातच लिहा. नाहीतर क्लिक हॉलभर ऐकू जातो. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर फाइलवर संशय घेण्याआधी लक्षात घ्या की स्विचर आणि प्रोसेसर मिळून चित्राला काही फ्रेम उशीर करतात आणि आवाज मात्र सरळ मिक्सरला जातो. साउंडवाला तेवढा डिले देऊ शकतो. त्याला प्रेमाने सांगा, तो आधीच वैतागलेला असतो.

पारदर्शक पार्श्वभूमीची नावाची पट्टी एमपी-फोरमध्ये देऊ नका, एच.२६४ मध्ये पारदर्शकता साठवलीच जात नाही. प्रोरेस ४४४४, हॅप अल्फा किंवा अल्फासह (पारदर्शकतेच्या माहितीसह) डीएक्सव्ही द्या. अक्षरांभोवती काळी किनार दिसली तर अल्फा स्ट्रेट (रंगापासून वेगळा) की प्रीमल्टिप्लाइड (रंगात आधीच मिसळलेला) हा एकच प्रश्न विचारायचा.

आणि आपला खास मराठी आजार. पीपीटी देताना श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला) मजकूर तसाच गेला, की ऑपरेटरच्या मशीनवर तो फॉन्ट नसल्यामुळे ‘सन्माननीय अध्यक्ष’ऐवजी इंग्रजी चिन्हांची भेळ दिसते. युनिकोड वापरलं तरी जुन्या फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन लावलेलं नसेल तर पहिली वेलांटी आपल्या अक्षराला सोडून भलतीकडे जाऊन बसते. देवनागरीची पीपीटी मी देतच नाही. प्रत्येक स्लाइड पीएनजी करून देतो. ‘‘आयत्या वेळी नाव बदलायचं झालं तर?’’ असं एजन्सीवाले विचारतात. त्यासाठी मी फोनवर असतो.

तीस सेकंदांची फाइल

वरची सगळी भांडणं मेलवर मिटवायचा प्रयत्न मी करून पाहिलाय. बावीस मुद्द्यांचा स्पेसिफिकेशन फॉर्म बनवला होता, तो एकदाही पूर्ण भरून आला नाही. ऑपरेटर मेल बघत नाहीत. ते रात्रभर वॉल चढवतात आणि सकाळी झोपतात. दुपारी बाराच्या आधी त्यांना फोन करू नये हाही एक स्पेसिफिकेशनच आहे. मग मी फॉर्म सोडला आणि चाचणी फाइल धरली.

त्यात चारही कडांना एक पिक्सेलची रेघ असते, चार कोपऱ्यांत क, ख, ग, घ, मधोमध एक मोठं वर्तुळ. कडेने दर शंभर पिक्सेलला आकडा. खाली चौकोनांची रांग, काळ्याच्या ०, ४, ८, १२, १६, २०, २४ अशा पायऱ्या. डावीकडून उजवीकडे सरकत जाणारी एक उभी पट्टी. दर दोन सेकंदांनी पांढरा ठिपका आणि त्याच क्षणी टिक. माझ्याच आवाजात आधी फक्त डाव्या बाजूने ‘डावा’, मग फक्त उजव्या बाजूने ‘उजवा’. आणि एक मराठी ओळ, जिच्यात वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं भरपूर आहेत. ही फाइल ज्या आकारात, ज्या कोडेकमध्ये अंतिम एव्ही जाणार, त्याच आकारात आणि कोडेकमध्ये बनवायची. ऑपरेटरकडून एकच काम मागायचं: वॉलवर लाव आणि मोबाइलवर वीस सेकंद शूट करून पाठव. गोडाऊनमध्ये दोन कॅबिनेट लावून केलं तरी निम्म्या गोष्टी कळतात.

परत आलेली क्लिप डॉक्टरने एक्स-रे वाचावा तशी वाचता येते. वर्तुळ चपटं: कॅबिनेट मोजण्यात किंवा ताणण्यात चूक. एखाद्या बाजूची रेघ गायब: चित्र कापलं जातंय. क आणि ग यांची अदलाबदल: केबल किंवा मॅपिंग उलटं. शून्याचा चौकोन उजळ किंवा १६ पर्यंतचे सगळे सारखेच काळे: रेंजचा घोळ. पट्टी लंगडते: हर्ट्झ जुळत नाहीत. ठिपका आणि टिक वेगळे: उशीर. मोबाइलच्या कॅमेऱ्यात वॉलवर आडवे पट्टे फिरताना दिसले तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा फोनच्या शटरचा खेळ असतो. पण कार्यक्रमाला कॅमेरे लागणार असतील तर वॉलचा रिफ्रेश रेट, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करते, हे मात्र विचारून ठेवा.

फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. व्हिडिओ म्हणून जोडली तर ॲप ती दाबून लहान करतं, आणि मग तुम्ही वॉलची परीक्षा न घेता व्हॉट्सॲपची घेताय.

नंबर मिळत नाही, उत्तर येत नाही

काही एजन्सींना आपण व्हेंडरशी थेट बोललेलं आवडत नाही. आपण त्यांचा क्लायंट पळवू किंवा त्यांचे दर कळतील, अशी धास्ती असते. त्यावर माझा तोडगा म्हणजे तीन जणांचा गट: एजन्सीचा माणूस, ऑपरेटर आणि मी. गटात फक्त फाइल आणि क्लिप, पैशांचा विषय नाही. आणि कोटेशनमध्ये एक ओळ असते की कॅबिनेटची संख्या लेखी कळवल्यानंतर बदलली तर पुन्हा रेंडर करण्याचे पैसे वेगळे. ही ओळ घातल्यापासून कॅबिनेटची संख्या आश्चर्यकारक वेगाने कळायला लागली.

तरीही उत्तर नाहीच आलं तर? मग मी १९२० बाय १०८० ची एच.२६४ फाइल देतो, २५ फ्रेम, प्रोग्रेसिव्ह, फ्रेमचा वेग स्थिर, सेकंदाला २० ते ३० मेगाबिट, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. सगळा मजकूर आणि चेहरे मधल्या साठ टक्के उंचीत ठेवतो, म्हणजे रुंद वॉलसाठी वर-खाली कापलं तरी काही जात नाही. सोबत मूळ प्रोजेक्ट लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप माझ्यासोबत हॉलवर. हे उत्तर ‘फुल एचडी, एमपी-फोर’च आहे हे मलाही दिसतं, पण निदान ते माहीत असताना दिलेलं आहे.

ऑपरेटरला मी जो संदेश पाठवतो तो असा, हवा तर उचला:

‘‘नमस्कार दादा, शनिवारच्या कार्यक्रमाची एव्ही मी करतोय. आडवी किती, उभी किती कॅबिनेट आणि पिच सांगाल का? कशावर वाजवणार, रेझोल्यूम की दुसरं काही? लॅपटॉप विंडोज की मॅक? आउटपुट ५० वर की ६० वर? कॅमेरे आहेत का? सोबत ३० सेकंदांची चाचणी फाइल जोडली आहे, वेळ मिळेल तेव्हा लावून मोबाइलवर शूट करून पाठवा. रात्री दोनला पाठवलंत तरी चालेल.’’

परवाच्या कार्यक्रमाला उत्तर रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आलं. कॅबिनेटची संख्या नव्हती, पिच नव्हतं, एका प्रश्नाचंही उत्तर नव्हतं. नुसती क्लिप होती, आणि क्लिपमध्ये क, ख, ग, घ चारही कोपरे जागेवर, वर्तुळ गोल. मी कॅबिनेट क्लिप थांबवून मोजली.